सासूबाईंचं रात्रीचं हळद-जायफळाचं दूध चालू ठेवावं का?

तुम्ही ऐरोलीहून विचारलंय. सासूबाई ७१ वर्षांच्या, सासरे ७६ वर्षांचे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ पाहून दोघांनी महिनाभरापासून झोपताना दूध घ्यायला सुरुवात केली आहे: ग्लासभर गरम दूध, त्यात चहाचा चमचाभर हळद, अर्धा चमचा जायफळाची पूड, दोन चिमटी मिरपूड, चमचाभर तूप आणि गोडीपुरता गूळ. एकवीस दिवसांत गुडघे मोकळे होतात, गाढ झोप लागते आणि साखर उतरते, असा व्हिडिओचा दावा. सासूबाईंना मधुमेह आणि बीपी आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्या रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठतात आणि पहाटे तीनला जाग आली की पुन्हा झोप नाही. सासऱ्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. "घरगुतीच तर आहे, चालेल ना? आणि थांबवायचं तर त्यांना सांगू कसं?" हे तुमचे दोन प्रश्न.

उत्तर आधी देते, कारणं मागून. सासूबाईंचं ह्या प्रमाणातलं दूध आजपासून थांबवा. त्यांची रक्त पातळ करायची गोळी वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल ह्यांपैकी असेल, तर ह्याच आठवड्यात आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी, रक्ततपासणी करून घ्या. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. सासऱ्यांचं जायफळ थांबवा. घाबरण्यासारखं काही झालेलं दिसत नाही. पण तुमच्या पत्रात मला ग्लासापेक्षा महत्त्वाच्या वाटलेल्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत: रात्रीचं तीन-चार वेळा उठणं आणि पहाटेची तीनची जाग. खरा प्रश्न तिथे आहे. दूध थांबवलं आणि हे दोन तसेच राहिले, तर पुढच्या महिन्यात दुसरा व्हिडिओ येईल.

मी ठाण्यात फॅमिली डॉक्टर आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत साठी ओलांडलेले बरेच. "औषधं कोणती घेता?" विचारलं की पिशवीतून गोळ्यांच्या स्ट्रिप्स निघतात. काढा, मेथीचं पाणी, झोपतानाचं दूध ह्यातलं काही कुणी सांगत नाही, कारण ते औषध आहे असं त्यांच्या मनातच येत नाही. म्हणून मी वेगळं विचारते, "सकाळी उठल्यावर पहिलं आणि झोपताना शेवटचं काय घेता?" तेव्हा कळतं. अशा उपायाबद्दल मत देताना मी तो चांगला की वाईट, इथून सुरुवात करत नाही. तो कोण घेतंय, किती घेतंय, सोबत कोणत्या गोळ्या आहेत आणि कशासाठी घेतंय, हे आधी बघते. तेच दूध धडधाकट, एकही गोळी न घेणाऱ्या पासष्टीच्या बाईने घेतलं असतं, तर मी हरकत घेतली नसती.

हळदीपासून सुरुवात करू. आमटी-भाजीतल्या हळदीची चिंता करू नका. सासूबाई ती आयुष्यभर खात आल्या आहेत, आणि त्यांच्या गोळीचा डोस आयएनआर बघून बसवला तेव्हाही ती पोटात जातच होती. प्रश्न आहे वर नव्याने पडलेल्या चमचाभराचा. चहाच्या चमच्यात साधारण तीन ग्रॅम हळद मावते आणि त्यात कुर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य गुणकारी घटक, जेमतेम तीन टक्के, म्हणजे नव्वदेक मिलिग्रॅम. गुडघेदुखीवर कुर्क्युमिनचे जे अभ्यास झाले त्यांत बहुतेक ठिकाणी रोज पाचशे ते हजार-पंधराशे मिलिग्रॅम अर्क कित्येक आठवडे दिला होता, आणि काही अभ्यासांत दुखणं थोडं कमी झालेलं दिसलं. ग्लासातली मात्रा त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय नुसतं कुर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं.

म्हणून तर त्यात मिरी घालतात, आणि मिरीचा तो परिणाम खरा आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की दोन ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर कुर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढतं. मिरपुडीत पायपरिन सुमारे पाच टक्के असतं, म्हणजे दोन चिमटींत तेवढं सहज येऊ शकतं. व्हिडिओवाले इथे थांबतात. पण यकृत आणि आतड्यांची जी यंत्रणा कुर्क्युमिनला अडवते, तीच कितीतरी औषधांनाही अडवते, त्यांचं रक्तातलं प्रमाण हाताबाहेर जाऊ देत नाही. पायपरिनमुळे फिटवरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफिलिन आणि बीपीवरचं प्रोप्रॅनोलॉल ह्यांचं रक्तातलं प्रमाण वाढल्याचं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. मिरी कुर्क्युमिनपुरतीच दार उघडून बाकीच्यांना बाहेर ठेवत नाही.

तुमच्या मनात येईल, गुडघ्याला उपयोग होण्याइतकीही मात्रा नाही, तर अपाय होण्याइतकी कशी असेल? शंका रास्त आहे. बहुतेकांना काही होतही नाही. पण गुडघ्यातली सूज उतरवायला औषध दीर्घकाळ, भरपूर लागतं. वॉरफरिनसारख्या गोळीचं तसं नसतं. आयएनआर साधारण दोन ते तीनमध्ये ठेवायचा असतो, आणि ही पट्टी इतकी अरुंद आहे की थोडा धक्काही माणसाला तिच्याबाहेर काढतो. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी अशा एका रुग्णाची नोंद देऊन इशारा दिला होता. वॉरफरिनवर व्यवस्थित असलेल्या माणसाने हळदीचं एक उत्पादन सुरू केलं आणि आयएनआर दहाच्या वर गेला. तिथे उत्पादन होतं, तुमच्याकडे चमचा आहे, हा फरक मी मान्य करते. पण एका रक्ततपासणीत उत्तर मिळत असताना अंदाजावर कशाला राहायचं? गोळी एपिक्सॅबान किंवा डाबिगॅट्रानसारखी नवी असेल, तर आयएनआरमधून काही कळणार नाही. त्या बाबतीत मी मिरी-हळदीचा जादा डोस नकोच म्हणते.

दूध बंद केल्यावर सासूबाई केमिस्टकडून हळदीच्या कॅप्सूल आणायच्या विचारात असतील, तर त्याला अधिक ठाम नकार. २०१९ मध्ये इटलीत अशा कुर्क्युमिनच्या गोळ्या-कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या बऱ्याच घटना एकापाठोपाठ नोंदल्या गेल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनीही २०२३ मध्ये तसा इशारा दिला. शोषण वाढवलेल्या, मिरीचा अर्क घातलेल्या उत्पादनांत हा धोका जास्त दिसतो.

जायफळाबद्दल आपल्याकडे एक निर्धास्तपणा आहे, कारण तान्ह्या बाळाच्या गुटीतही ते असतं. पण गुटीत सहाणेवर जायफळाचा एखाद-दुसरा वेढा उगाळतात. तुमच्याकडे अर्धा चमचा पूड जाते आहे, म्हणजे साधारण एक ग्रॅम, रोज. जायफळातल्या मिरिस्टिसिनमुळे गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, आणि मात्रा वाढली तर माणूस बरळायलाही लागतो. ठळक विषबाधा साधारण पाच ग्रॅमच्या पुढे होते, अख्ख्या एका जायफळाचं वजन तेवढं असतं. तुम्ही त्या मात्रेच्या बऱ्याच खाली आहात. तरी मला ते नको वाटतं, कारण त्याचा परिणाम चढायला तीन ते आठ तास लागू शकतात. झोपताना घेतलेलं जायफळ रात्री दोन-तीनला, नेमकं लघवीला उठायच्या वेळी, डोक्यात भारीपणा आणू शकतं. त्यात जायफळाच्या विषबाधेत लघवी अडकल्याचीही नोंद आहे, आणि सासऱ्यांच्या प्रोस्टेटला तेवढं निमित्त पुरतं. प्रोस्टेटसाठी ते टॅमसुलोसिन घेत असतील, तर उठताना बीपी एकदम उतरून चक्कर येणं हा त्या गोळीचा माहीत असलेला परिणाम आहे. दोन्ही एकत्र नकोत.

तूप-गुळाबद्दल फार लिहीत नाही. गूळ साखरेइतकाच साखर वाढवतो, मधुमेहात त्याला वेगळी सूट नाही. दूध मात्र चांगलं अन्न आहे. ग्लासभरात सहा-सात ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर कॅल्शियम मिळतं, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या जेवणात ह्या दोन्हींची चणचणच असते. फक्त वेळ चुकते आहे. कुणाला थायरॉईडची गोळी रात्री घ्यायची असेल, तर ती आणि दूध ह्यांत चार तासांचं अंतर लागतं. लोहाची गोळीही दुधाबरोबर घेऊ नये. छातीत जळजळ होत असेल, तर दूध पिऊन लगेच आडवं होणं वाईट.

आता मुख्य गोष्ट. झोपताना ग्लासभर द्रव पोटात गेल्यावर रात्री उठावं लागणारच. पण सासूबाई दुधाआधीही उठत होत्या, म्हणजे कारण जुनं आहे. ते शोधताना मी ठरलेल्या क्रमाने जाते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते, म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर आधी. मग लघवीची तपासणी, कारण ह्या वयात जंतुसंसर्ग कधीकधी ताप-जळजळ न होता नुसत्या वाढलेल्या फेऱ्यांतून दिसतो. मग गोळ्यांच्या वेळा. बीपीसाठीची पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी संध्याकाळी जाते का? मधुमेहावरची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे का? ह्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. मी त्या सकाळीच घ्यायला सांगते. तुमच्या डॉक्टरांना विचारून वेळ बदलली, तर काही जणांना तेवढ्यानेच फरक पडतो.

नंतर पाय बघा. संध्याकाळी घोट्यावर बोटाने दाबलं की खळगा पडतो का? बीपीवरच्या ॲम्लोडिपिनने अशी सूज येते, दिवसभर पाय लोंबते ठेवून बसल्याने येते, हृदय-मूत्रपिंडाच्या तक्रारीतही येते. दिवसा पायांत साठलेलं ते पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री लघवी होऊन जातं. अशांना मी दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायला सांगते, म्हणजे ते पाणी संध्याकाळीच निघून जातं. मोठ्याने घोरणं आणि मधेच श्वास अडकणं असेल, तर झोपेतला श्वासरोध हेही रात्रीच्या लघवीचं एक कारण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता लघवीला गेल्या आणि मापाच्या मगमध्ये किती झाली, एवढंच लिहायचं. चोवीस तासांतल्या लघवीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग रात्री होत असेल, तर दोष मूत्राशयाचा कमी आणि रात्री जास्त लघवी बनण्याचा जास्त. उपचार त्यावरून ठरतो. महागड्या तपासण्यांच्या आधी ही वही बघायला मिळाली तर डॉक्टरला फार मदत होते.

पहाटे तीनच्या जागेबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्या साडेनऊला झोपतात आणि दुपारीही दोन तास झोप होते. साडेनऊ ते तीन साडेपाच तास, त्यात दुपारचे दोन मिळवा. मधल्या फेऱ्यांचा वेळ वजा केला तरी ह्या वयाच्या मानाने झोप फार कमी नाही, ती चुकीच्या वेळी होते आहे. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, तीही तीनच्या आत. रात्री आडवं व्हायची वेळ साडेदहापर्यंत पुढे न्या. सकाळी त्यांना उजेडात बाहेर काढा, खाडीच्या बाजूला किंवा सोसायटीच्या आवारात अर्धा तास चालल्या तरी चालेल. निद्रानाशावर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये पहिला उपचार म्हणून शिफारस केली ती गोळीची नाही, अशा सवयी आणि वेळा नीट बसवण्याच्या पद्धतीची. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि पहिला आठवडा जड जातो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर चौथ्या दिवशी शेजारच्या आजी झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्धी गोळी देतील. ती तर ह्या दुधापेक्षा कितीतरी वाईट. म्हातारपणी अशा गोळ्यांनी तोल जातो आणि विसराळूपणा वाढतो.

एक गोष्ट मात्र टाळू नका. मधुमेहासाठी त्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि "दूध घेतेच आहे" म्हणून त्या रात्रीचं जेवण कमी करत असतील, तर तीनची जाग साखर उतरल्यामुळेही असू शकते. घाम, थरथर, धडधड आहे का विचारा, आणि एक-दोन रात्री त्या जागेपणी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली आली तर लगेच चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांशी गोळीबद्दल बोला.

आता सांगायचं कसं. सासूबाईंनी हे दूध स्वतःच्या हाताने, स्वतःच्या तब्येतीसाठी काहीतरी करावं म्हणून सुरू केलंय, आणि त्या भावनेचा मला आदर आहे. चोवीस तास दुखणारे गुडघे घेऊन कुणी निवांत बसत नाही. त्यांना "असल्या फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका" म्हणू नका. "आई, हळद चांगलीच आहे, पण तुमच्या रक्ताच्या गोळीशी तिचं जमत नाही" असं म्हणा, आणि शक्यतो तुमच्याऐवजी त्यांच्या मुलाने म्हणावं. हळदीच्या पेटंटची गोष्ट त्या नक्की काढतील, व्हिडिओंमध्ये ती असतेच. ती खरी आहे. अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक असताना त्या संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ते ज्ञान आपलं होतं, हे त्यातून सिद्ध झालं. हळदीने मधुमेह उतरतो, असं नाही. गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, शेक द्या. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून देऊ नका, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्या पोटात रक्तस्राव करू शकतात.

आयएनआर जागेवर असेल आणि त्यांच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर संध्याकाळी सातच्या आत अर्धा कप बिनसाखरेचं दूध, त्यात हवी तर फोडणीत घालतो तेवढी चिमूटभर हळद. मिरी, जायफळ, गूळ वगळा. चव हवीच असेल तर वेलची घाला. सासऱ्यांनाही तेच. हळद सुटी आणत असाल तर अतिपिवळी, चकाकणारी हळकुंडं घेऊ नका. रंग उठावदार दिसावा म्हणून शिशाचा पिवळा रंग लावण्याचे प्रकार उघडकीला आले आहेत. वाशीच्या मसाला मार्केटमधून घ्या किंवा जांभळी नाक्यावरून, मळकट रंगाची, ओळखीच्या दुकानातली घ्या.

आज रात्रीपुरतं एवढं करा. पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा लावून ठेवा, बाथरूमची फरशी कोरडी करा, उंबरा किंवा पायरी असेल तिथे धरायला दांडा बसवून घ्या. दोघांनीही उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसूनच पाय टाकायचे. ह्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर घराची घडी विस्कटते.

आणि हे लक्षात ठेवा. हिरड्यांतून रक्त, काळी शी, कारण नसताना अंगावर निळे डाग, लघवी गडद होऊन डोळे पिवळे, किंवा सासऱ्यांची लघवी पूर्ण अडकली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. सासूबाई पडल्या आणि डोक्याला लागलं, तर काही दुखत नसलं तरी रात्रीच हॉस्पिटलमध्ये न्या आणि दारातच सांगा की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. जाताना सगळ्या स्ट्रिप्स आणि लघवीची वही बरोबर असू द्या, आणि महिनाभर घेतलेल्या दुधात काय काय होतं तेही लिहून न्या.